हो, मी आधी पिक्चरच पाहिला

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वाचनकट्ट्यावर मी खोटं बोलले. विषय होता फँटसी. गोल करून बसलो होतो, चहा फिरत होता आणि कुणीतरी विचारलं, "टॉल्कीन वाचलायस? आधी पुस्तक की आधी पिक्चर?" माझ्या आधीच्या मुलाने प्रामाणिकपणे "पिक्चर पाहून मग वाचलं" असं सांगितलं होतं. त्यावर सगळे हसले नव्हते, फक्त एकजण "अच्छा" म्हणाला होता. तो 'अच्छा' मी ऐकला होता. मग मी म्हणाले, "पुस्तक. अर्थात."

त्यातलं 'अर्थात' मला अजून टोचतं. म्हणून आज सगळं खरं सांगते, आणि त्या 'अच्छा'वाल्यांशी थोडं भांडतेही.

खरं असं आहे की मी सेलूची. परभणीचं नाही, वर्धा जिल्ह्यातलं सेलू, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. 2011च्या उन्हाळ्यात नागपूरचा मावसभाऊ पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग होते, हिंदीत डब केलेले. मी चौदा वर्षांची होते. काकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही पाचजण दाटीवाटीने बसलो. तिन्ही भाग मिळून सव्वानऊ तासांचे होतात. आम्हाला चार दिवस लागले, कारण लोडशेडिंग. फ्रोडो आणि सॅम मॉर्डोरच्या डोंगरावर चढत असताना लाइट गेली आणि पुढचे तीन तास आम्ही अंगणात बसून पुढे काय होईल यावर भांडलो. आई आतून ओरडली, "झोपाचं नाही काय आज?" त्या रात्री कुणालाच झोपायचं नव्हतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांत ते पिक्चर मी किती वेळा पाहिले याचा हिशोब नाही. मोबाइलवर, कॉलेजच्या होस्टेलवर, एकदा तर परीक्षेच्या आदल्या रात्री. पुस्तक हातात आलं ते 2020मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

आता मला सांगा, यात माफी मागण्यासारखं काय आहे?

"आधी पुस्तक वाचायला हवं" हा नियम करणाऱ्यांच्या घराजवळ पुस्तकाचं दुकान असतं. माझ्या लहानपणी सेलूत पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड, कंपासपेट्या आणि जूनमध्ये पाठ्यपुस्तकं. वाचनालय होतं. तिथे 'मृत्युंजय' होतं, 'ययाति' होतं, आणि ती वाचून मी वाढले, त्याबद्दल तक्रार नाही. पण हजार पानांची इंग्रजी फँटसी तिथे येणार कुठून? आणि आली असती तर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली मुलगी ती चौदाव्या वर्षी वाचणार कशी? माझ्यासाठी त्या जगाला एकच दार होतं आणि ते पेन ड्राइव्हमधून उघडलं. दारातून आत आलेल्या माणसाला "तू खिडकीतून का नाही आलीस?" असं विचारण्यात काय अर्थ आहे?

बरं, हा नियम आपण फक्त इंग्रजी पुस्तकांनाच लावतो. सेलूला लागून घोराड आहे, बोर नदीच्या काठावर, संत केजाजी महाराजांचं गाव. आमच्याकडे त्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. तिथे कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही, "आजोबा, तुम्ही आधी गाथा वाचली की आधी कीर्तन ऐकलं?" माझ्या आजीने महाभारत वाचलं नव्हतं. तिने ते ऐकलं, मग 1988मध्ये टीव्हीवर सुरू झालं तेव्हा दर रविवारी पाहिलं, आणि शेवटी डोळे अधू झाल्यावर माझ्याकडून वाचून घेतलं. वाचताना मी एखादा प्रसंग गाळला तर ती हटकायची. ऐकणं, पाहणं, मग वाचणं: या देशातल्या बहुतेक लोकांनी मोठ्या गोष्टी याच क्रमाने मिळवल्या आहेत. तो क्रम उलटा नाही. उलट, आधी पुस्तक मिळणं हाच अपवाद आहे, आणि अपवादाने स्वतःला नियम म्हणवून घेऊ नये.

*

पण थांबा. हे वाचून "बरोबर बोललीस, पिक्चर पाहिला की झालं" असं म्हणणारेही आहेत. माझे अर्धे मित्र त्यातलेच. माझं भांडण त्यांच्याशीही आहे, आणि जरा जास्तच आहे, कारण ते माझे आहेत.

त्यांचं म्हणणं असं: गोष्ट कळली, शेवट माहीत आहे, राहिलेलं कुणीतरी दहा मिनिटांच्या व्हिडिओत समजावून सांगतं. मग हजार पानं कशासाठी?

आधी त्यांच्या बाजूचं मान्य करते. पुस्तक वाचताना मी तीनदा बाजूला ठेवलं. गाणी सुरू झाली की पानं उलटली, खोटं कशाला बोलू. टॉम बॉम्बॅडिल हा गृहस्थ पिक्चरमध्ये नाही आणि त्याच्या घरातून बाहेर पडेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. काही गोष्टी पिक्चरने जास्त चांगल्या केल्या आहेत. बोरोमिरचा मृत्यू पुस्तकात जवळजवळ पडद्याआड होतो. आरागॉर्न पोहोचतो तेव्हा लढाई संपलेली असते. पिक्चरमध्ये तो एकेक बाण खाऊन पुन्हा उठतो, आणि मला तेच हवं होतं. इंग्रजी अडलं की मी मराठी अनुवाद उघडायचे. मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' डायमंड पब्लिकेशन्सने काढला आहे. "मूळ इंग्रजीतच वाचायला हवं" असं सांगणारेही भेटले. त्यांना मी रांगेत सगळ्यात मागे उभं केलंय.

पण आता दुसरी बाजू ऐका. पिक्चरमध्ये गॅन्डाल्फ जातो आणि परत येतो, मध्ये फार तर काही दिवस गेल्यासारखे वाटतात. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसापासून फ्रोडो घर सोडेपर्यंत सतरा वर्षं जातात. तेहतिसाव्या वर्षी अंगठी मिळते, पन्नासाव्या वर्षी तो निघतो. म्हणजे जगाचा भार वाहणारा हा गोंडस डोळ्यांचा पोरगा नाही, आमच्या शाळेतल्या सरांच्या वयाचा माणूस आहे. पिक्चरमधला फारामिर फ्रोडोला पकडून अंगठीसकट आपल्या लोकांकडे नेतो आणि मग बदलतो. पुस्तकातला फारामिर मोहात पडतच नाही. असली वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं तो सांगून टाकतो. पिक्चरमध्ये गॉलमच्या कारस्थानाने फ्रोडो सॅमला "घरी जा" म्हणतो. मी त्या सीनला दर वेळी रडले आहे. पुस्तकात तो सीनच नाही. सॅमवर तशी वेळ कधी येत नाही.

हे झाले फरक. असे फरक शोधून याद्या करणारे खूप आहेत. मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता ती गोष्ट याच्या पुढची आहे. ती पुस्तकाच्या शेवटच्या शंभरेक पानांत आहे आणि पिक्चरमध्ये ती नाही.

*

पिक्चरचा शेवट आठवतोय? अंगठी नष्ट होते, राज्याभिषेक होतो, चौघे हॉबिट घोड्यावर बसून गावी परततात. शायर जसंच्या तसं. हिरव्या टेकड्या, गोल दारं. खानावळीत बसतात, कुणी त्यांच्याकडे बघतही नाही, एकजण भलामोठा भोपळा घेऊन चाललेला असतो. चौघे एकमेकांकडे बघून हलकेच हसतात.

मी नऊ वर्षं हाच शेवट मनात घेऊन जगले. पुण्याला नोकरीसाठी गेले तेव्हाही. बाहेर काहीही झालं तरी गाव तसंच असतं, हे त्या पिक्चरने मला शिकवलं होतं.

पुस्तकात ते परततात तेव्हा नदीवरच्या पुलाला फाटक लागलेलं असतं. रात्रीची वेळ, आत घेत नाहीत. भिंतीवर नियमांची यादी. खानावळी बंद, बिअर बंद. (आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे मी एकटीच मोठ्याने हसले.) सकाळी पुढे जातात तर रस्त्याकडेची झाडं तोडलेली. गिरणीच्या जागी विटांची उंच चिमणी. सॅमचा म्हातारा बाप ज्या ओळीत राहायचा तिथे आता वाळू-खडीची खाण. आणि ज्या झाडाखाली पहिल्या प्रकरणात बिल्बोचा वाढदिवस झाला, ते झाड आडवं पडलेलं. सॅम तिथेच रडू लागतो. मॉर्डोरपर्यंत जाऊन आलेला सॅम!

हे मी वाचलं तेव्हा कुठे होते? सेलूत. 2020, लॉकडाऊन, पुण्याची नोकरी गेलेली. नागपूर-वर्धा रस्ता चौपदरी झाला होता, आणि मी शाळेत जाताना ज्या कडुनिंबांच्या सावलीतून सायकल चालवली ते कडुनिंब नव्हते. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जाणार होता, त्याच्या भरावासाठी जागोजागी मुरूम खणणं चालू होतं. त्याच वर्षी वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली आणि वर्ध्यातले लोक विरोधाला रस्त्यावर उतरले. मी खाटेवर पडून वाचत होते आणि पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ नुसतीच पडून राहिले.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे समृद्धी महामार्ग म्हणजे सारुमान?" नाही. असल्या सोप्या जोड्या लावू नयेत असं खुद्द टॉल्कीनने 1960च्या दशकातल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बजावलं आहे. हे प्रकरण म्हणजे महायुद्धानंतरच्या इंग्लंडचं रूपक आहे, असं लोक म्हणत होते. ते त्याने नाकारलं. पण त्याच प्रस्तावनेत तो हेही सांगतो की लहानपणी तो जिथे राहिला तो गावाकडचा भाग तो दहा वर्षांचा व्हायच्या आत उद्ध्वस्त होत होता. 1916मध्ये तो सोमच्या लढाईत होता. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. अशा माणसाला "परत आलो आणि सगळं जसंच्या तसं होतं" हे लिहिताच आलं नसतं.

आणि त्या प्रकरणाची खरी धार झाडांत नाही. ती याच्यात आहे की शायर बाहेरच्यांनी जिंकलेलं नसतं, आतल्यांनी विकलेलं असतं. फ्रोडोच्याच नात्यातला लोथो गिरण्या आणि जमिनी विकत घेत सुटतो, माल बाहेर पाठवतो, मग माणसं बोलावतो. सारुमान फार नंतर येतो. नियम राबवणारे शिपाई हॉबिटच असतात, ओळखीचे, मान खाली घालून "आम्हाला तसं सांगितलंय" म्हणणारे. गिरणीवाल्याचा पोरगा तर नव्या चिमणीच्या बाजूने छाती फुगवून बोलतो. पिक्चर सांगतो की वाईट दूर मॉर्डोरमध्ये असतं आणि तिथला मनोरा कोसळला की संपतं. पुस्तक सांगतं की तुम्ही मनोरा पाडत होतात तेव्हा तुमच्या गावात सह्या होत होत्या.

माझ्या बाबांनीही सही केली. रस्त्यासाठी धुऱ्यालगतची पट्टी गेली, दोन चिंचा गेल्या. मोबदल्यातून घराला स्लॅब पडला. त्यांना रस्ता आवडतो. "आता नागपूरले अ‍ॅम्बुलन्स लवकर पोचते," ते म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझी आजी गेली त्या रात्री ती पोहोचली नव्हती. म्हणून मी ही गोष्ट खलनायक आणि बिचारे गावकरी अशी सांगू शकत नाही, आणि टॉल्कीननेही ती तशी सांगितलेली नाही.

आणखी एक. गावात शिरायच्या आधी गॅन्डाल्फ त्यांना सोडून निघून जातो. हे तुमचं तुम्ही निस्तरा, त्यासाठीच तर तुम्ही तयार झालात, अशा अर्थाचं सांगून. गरुड येत नाहीत. शेवटची लढाई हॉबिटच लढतात. एकोणीस हॉबिट मरतात, आणि टॉल्कीन त्यांची नोंद ठेवतो. फ्रोडो त्या लढाईत तलवार उपसत नाही. शस्त्रं टाकलेल्यांना आपल्या लोकांनी मारू नये म्हणून तो मध्ये उभा राहतो. सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो, तरी त्याला सोडून द्या म्हणतो. पुढे मेरी-पिपिनचा गावात रुबाब होतो. फ्रोडोला मात्र स्वतःच्या गावात फारसा मान मिळत नाही, आणि सॅमला त्याचं वाईट वाटतं. सेवाग्राम आमच्यापासून तासाभराच्या आत. शाळेची सहल दरवर्षी तिथे. बापूकुटीसमोर रांगेत उभं राहून, चपला सांभाळून, अर्ध्या तासात परत बसमध्ये. त्या कुटीबद्दल शाळेने मला जे सांगितलं त्यापेक्षा मला या चार पानांनी जास्त विचार करायला लावला. हे लिहायला थोडी लाज वाटते, पण तसंच आहे.

*

आता मुद्द्याचं. पीटर जॅक्सनने हे प्रकरण गाळलं याबद्दल मी त्याला दोष देत नाही. तिसरा भाग आधीच तीन तास एकवीस मिनिटांचा आहे, आणि "शेवट संपतच नाही" अशी त्यावर तक्रार होतीच. अकरा ऑस्कर मिळाले, ते काही उगाच नाही. पण त्याने गाळलं म्हणूनच सांगते: मी आधी पुस्तक वाचलं असतं तर मला हा धक्का बसला नसता. नऊ वर्षं तो भोपळा घेऊन चाललेला शांत शेवट डोळ्यांत घेऊन मी त्या पुलापाशी पोहोचले, आणि फाटक बंद होतं. गाव इतकं बदललं असेल असं फ्रोडो आणि सॅमलाही वाटलं नव्हतं. माझी आणि त्यांची चूक एकच होती. हे आधी पुस्तक वाचणाऱ्याला मिळत नाही. ज्यांनी माझ्याकडे 'अच्छा' म्हणून पाहिलं असतं, त्यांना मला हे सांगायचं आहे: आमच्या वाटेने आलं की एक गोष्ट जास्तीची मिळते.

आणि "पिक्चर पाहिला, झालं" म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुम्हाला जो शेवट माहीत आहे तो शहरात राहणाऱ्यांचा आहे. गाव म्हणजे सुट्टीत जायची हिरवी जागा असं ज्यांना वाटतं, त्यांचा. तुम्ही हिंगणीचे, केळझरचे, आष्टीचे, पुसदचे. तुमचा शेवट पुस्तकात आहे. तो न वाचता तुम्ही गोष्ट संपली म्हणता?

तिसऱ्या एका गटाला दोन ओळी. "वर्ध्याची मुलगी, शेतकऱ्याच्या घरची, आणि हॉबिट वाचतेस?" असं मला विचारलं गेलंय. म्हणजे विदर्भातून आलेल्याने फक्त कापूस, कर्ज आणि फास एवढंच वाचावं, तेवढंच लिहावं. का म्हणून? आमच्या तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं आमच्याकडे मानतात. तिथल्या बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवावा लागायचा, पाळीपाळीने, आणि सगळं गाव ती पाळी मुकाट्याने पाळायचं. राक्षसाशी करार करून जगणाऱ्या गावाची गोष्ट आम्हाला कुणी इंग्लंडहून आणून द्यायला नको. ती आमच्या फाट्यावर आहे. मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीतल्या 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' अद्भुताच्याच वाटेने गेल्या. अद्भुत हे दुःखापासून पळणं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सॅम रडतो ते पान उघडावं.

तेव्हा पिक्चर आधी पाहिला असेल तर लाजू नका. गाणी गाळा, बॉम्बॅडिलला रामराम करून पुढे जा, मराठीत वाचा, फोनवर वाचा, दोन वर्षं लावा. पण शेवटच्या शंभर पानांपर्यंत पोहोचा. आणि पुढच्या वेळी मला कुणी विचारलं तर मी सांगणार आहे: आधी पिक्चर. हिंदीत. चार दिवसांत, लाइट होती तेव्हा.

तेव्हाच्या एका संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं, "काय वाचून राहिली वं इतकी?" मी त्यांना शेवट सांगितला. फाटक, नियम, खाण, तोडलेली झाडं. ते ऐकत होते. मग सॅम काय करतो ते सांगितलं: तो माळी असतो, त्याला प्रवासात एका राणीने मूठभर माती आणि एक बी दिलेलं असतं, आणि तो गावभर फिरून जिथे जिथे झाड गेलं तिथे रोप लावतो, प्रत्येक रोपाच्या मुळाशी त्या मातीचा कण टाकतो. पुढच्या वसंतात झाडं अशी वाढतात, जणू एका वर्षात वीस वर्षं गेली.

"येका साली?" बाबा म्हणाले. "मंग ते जादू होय."

"हाव, जादूच."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "आन येवढ्या झाडाले पाणी कोन देत होतं?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. त्याचं उत्तर त्यात नव्हतं.